सुनीताच्या सासूबाईंचं घर

कोल्हापूरला जाऊन आलेला माणूस अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि रस्सा यांच्याबद्दल बोलतो. मीही थोडं बोलेन, कारण आमच्या अकोल्याकडची बरीच मंडळी अजून तिकडे गेलेली नाहीत. पण खरं सांगायचं तर मी यातलं काहीच बघायला गेले नव्हते. मी एका बाईला भेटायला गेले होते, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. आणि गेले नसते तर बरं झालं असतं, असं परत आल्यापासून रोज वाटतं.

आधी थोडं माझ्याबद्दल. यजमान गेल्यावर त्यांचं वाचनालय मी चालवलं. आता ते नावापुरतं उरलंय. चार-दोन म्हातारे सभासद येतात, गप्पा मारतात, जुनीच कादंबरी पुन्हा घेऊन जातात. त्यांच्यातला एखादा हमखास म्हणतो, "बाई, पुस्तकातल्यापेक्षा आपलं आयुष्य जास्त विचित्र असतं बरं." मी मान हलवायची, पण मला ते कधी पटलं नाही. दूध उतू जातं, नळ जातो, गुडघा दुखतो, लेक बंगळूरहून रविवारी फोन करते. विचित्र म्हणून जे काही असतं ते माझ्यामागे कपाटात रांगेनं लावलेलं असतं, असंच मी समजत आले.

अशाच एका दुपारी फोन वाजला. "बाळ्या, जेवलास काय रं?"

मी म्हटलं, राँग नंबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिकडची बाई वैतागून म्हणाली, "आवो, परत तुमीच? आता लागलाच हाय तर सांगा, तुमी तरी जेवलासा काय?"

मी जेवले नव्हते. एकट्या बाईला कोण विचारतं, जेवलीस का म्हणून? मी तसं सांगितलं, आणि ती मला मोठ्यांदा रागावली. तिथून आमची ओळख सुरू झाली. ती मला वैनी म्हणायची, मी तिला आक्का. नाव विचारायचं राहूनच गेलं. सुरुवातीला तिचं बोलणं ऐकून मला हसू यायचं, कारण तिकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात: "मी आलो", "मी गेलतो", "मी सांगितलो". पुढे त्याचीच इतकी सवय झाली की माझ्याही तोंडून एकदा "मी येतो" निघालं आणि सभासद बघतच राहिले.

आक्काच्या गोष्टी अगदी साध्या. राहायला कसबा बावड्यात, कोल्हापूरच्या कडेला. थोरला मुलगा पुण्याला, त्याला फोन लावतानाच नंबर चुकलेला. धाकटा प्रकाश दुधाचा धंदा करतो, त्याची बायको सुनीता. दोन म्हशी, चंद्री लाथ मारते, काळी गुणाची. सुनीता ताक छान करते पण मीठ जास्त घालते. "आणि तुमचे मालक?" मी एकदा विचारलं. "मालक जोतिबाला आस्त्यात," ती म्हणाली. मी समजले, देवभक्त माणूस असेल.

सुनीताचा पहिला गर्भ टिकला नाही त्या दिवशी आक्कानं फोनवर म्हशींचं नावसुद्धा काढलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा आम्ही दोघी रडलो. "रातभर मी तिच्या उशाला हुतो वैनी," ती म्हणाली, "पोरगी हूं का चूं करंना." न पाहिलेल्या त्या पोरीसाठी मी आमच्या देवीला नारळ बोलले.

"एकदा येते तुमच्याकडे," असं मी इतक्या वर्षांत अधूनमधून म्हणायची. "या की!" ती म्हणायची. मग दोन दिवसांनी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर फार वाढलेले असायचे, किंवा गोठ्याचं काम निघालेलं असायचं, किंवा सुनीताला बरं नसायचं. शेतकऱ्याचं घर, चालायचंच, असं मी धरून चालले.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न सांगलीत ठरलं. सांगलीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. आक्काला काही कळवलं नाही. अचानक दारात उभं राहून तिला चकित करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कसबा बावडा, शुक्रवार

लग्न आटोपून कोल्हापूरला आले, महाद्वार रोडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि रिक्षा केली. "कुठं जायाचं, पावणं?" रिक्षावाल्यानं विचारलं. आमच्याकडे पाहुणा म्हणजे घरी जेवायला येणारा माणूस. इथे रस्त्यावरचा कुणीही पावणा, बाईसुद्धा. मला ते आवडलं. तो मोठ्यांदा बोलत होता, भांडतोय असं वाटावं इतका. पण बोलणं सगळं काळजीचं. "एकट्याच आलाय? ऊन लागंल, पदर घ्या डोक्यावर."

बावडा शहरही आहे आणि गावही. नव्या अपार्टमेंटच्या गेटसमोरून उसाची ट्रॉली जाते. दोन इमारतींमध्ये मध्येच उसाचा हिरवागार तुकडा. हवेत साखर कारखान्यातल्या मळीचा गोडसर, आंबूस वास. आक्का म्हणायची, गळिताच्या दिवसांत इथं साखर न खाता तोंड गोड होतं. चहाच्या टपरीवर विचारलं, "दूधवाल्या प्रकाशचं घर कुठं? सुनीताच्या सासूबाईंचं?" टपरीवाल्यानं कपबशी खाली न ठेवताच हनुवटीनं दाखवलं. "त्ये निळं दार. म्हशी बांधल्यात न्हवं, त्येच."

चंद्री आणि काळी दारातच होत्या. मला इतका आनंद झाला की मी म्हशींना नमस्कार करायचीच बाकी होते. दार उघडलं ते पंचविशीतल्या एका सावळ्या, बारीक मुलीनं.

"सुनीता ना तू?"

"व्हय. आपण?"

मी तिला जवळच घेतलं. "अगं, मी अकोल्याची. आक्कांची वैनी. फोनवरची." ती गोंधळून हसली, आत बोलावलं, पाणी दिलं, पाठोपाठ ताक दिलं. ताकात मीठ जास्त होतं. मला हसू आलं. सासूबाई मागे गोठ्यात आहेत, येतीलच, असं ती म्हणाली. माझ्या मनात आलं, आक्कासमोर तो विषय नको, तिला त्रास होईल. आत्ता एकटी आहे तोवर पोरीशी दोन शब्द बोलून घ्यावेत. मी तिचा हात हातात घेतला.

"दुसऱ्यांदाही तसंच झालं, कळलं मला. आक्कांनी सांगितलं. धीर सोडू नकोस बाळा."

तिनं हात सोडवून घेतला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मागच्या दारात दुधाची बादली घेऊन एक उंच, रुंद बांध्याची बाई उभी होती.

"दुसऱ्यांदा?" ती म्हणाली. "दुसऱ्यांदा काय झालं?"

आवाज जाड, घोगरा होता. फोनवर आवाज वेगळा वाटतो, असं मी स्वतःला सांगितलं. "आक्का, मी वैनी! अकोल्याहून!" मी उठून उभी राहिले. ती बाई माझ्याकडे न बघता सुनीताला विचारत होती, "काय गं? कवा? मी लेकीकडं गेलतो तवा?" आणि तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. तिथे फेट्यातल्या एका माणसाचा फोटो होता, त्याला हार घातलेला.

"अगं बाई, मालक गेले?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मला काही बोलला नाहीत!"

"आमचं मालक जाऊन लई वर्सं झाली," ती बाई म्हणाली. "तुमी कोण? आन तुमास्नी ह्ये सगळं कुणी सांगितलं?"

सुनीता खाली बसली होती. मी काहीतरी बोलत होते, फोन, नंबर, आक्का; माझं मलाच ऐकू येत नव्हतं. त्याच वेळी मागच्या बाजूनं, कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडून, कुणीतरी वाटी वाजवली.

"सुनीते, ताक हाय काय गं वाटीभर?"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

हौसाबाई, म्हणजे सुनीताच्या खऱ्या सासूबाई, सावकाश भिंतीकडे वळल्या. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं वाचली आहेत. त्या गल्लीत त्या संध्याकाळी जे झालं त्यातलं एक वाक्यही पुन्हा लिहायची माझी इच्छा नाही. एवढंच सांगते की हौसाबाई वाईट बाई नव्हत्या. आपल्या घरात घडलेलं आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, शेजारणीला आणि कुठल्या तरी अकोल्याच्या बाईलाही, हे त्यांना सहन होईना. ओरडता ओरडता त्यांचे डोळे भरून येत होते.

मी शेजारच्या घरी गेले. एक खोली, एक पडवी, कोपऱ्यात पितळेचा स्वच्छ हंडा. आक्का ठेंगणी, गोरी, कपाळ मोकळं. मी मनात रंगवलेल्या बाईशी तिचं काहीच जुळत नव्हतं. तिनं मला बसायला पाट दिला आणि चहा ठेवला.

"खोटं का बोललात, आक्का?" मी विचारलं. मला राग आला होता, हे लपवत नाही.

"खोटं कुठं हाय त्यात?" ती म्हणाली. "म्हस खरी, सुनीता खरी, ताक खरं. मीच तेवढी खोटी."

चहा पिऊन मी निघाले. दारापर्यंत ती आली आणि फक्त इतकंच म्हणाली, "कळवायचं तरी हुतं, वैनी."

कोल्हापूर, शनिवार

प्रवासवर्णनात ज्या गोष्टी यायला हव्यात त्या सगळ्या मी शनिवारी केल्या, आणि त्यातली एकही मनापासून केली नाही. सकाळी मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात; आणि कट, म्हणजे तिचा लालभडक रस्सा, मागाल तितका वाढतात. आम्हा तर्रीपोहे खाणाऱ्या वऱ्हाडी माणसांना तिखटाचं कौतुक कुणी सांगू नये असा माझा समज होता, तो पहिल्या घासाला गेला. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "पावणं, दही मागवा की!" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच ओरडून मागवलं. त्या परक्या माणसाच्या आपुलकीनं मला जास्तच रडू आलं. तिखटाचं निमित्त होतं म्हणून निभावलं.

अंबाबाईच्या रांगेत उभी राहिले. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले. बायका भेळ खात होत्या, म्हातारे फेऱ्या मारत होते, सगळं इतकं रोजचं होतं. माझ्या मनात एकच चाललेलं: त्या पोरीनं सासूपासून जपून ठेवलेली गोष्ट मी चार शब्दांत उघडी केली. आणि तेही प्रेमानं. वाईट हेतू असता तर निदान माफी मागता आली असती.

संध्याकाळी चौकात म्हशी उभ्या करून लोकांना समोरच धार काढून दूध देतात, तिथे थांबले. फेसाळ, कोमट दूध. अकोल्यात असं रस्त्यावर उभं राहून दूध पिताना मला कुणी पाहिलं असतं तर वाचनालयात आठवडाभर विषय झाला असता. पेला अर्धा झाला तोच फोन वाजला.

"वैनी, हाईसा काय अजून?"

"आहे."

"उद्या ऐतवार. मी जोतिबाला जातो. येणार काय?"

मी सांगलीची परतीची गाडी सोमवारची केली.

जोतिबा, रविवार

एसटी चढणीला लागली की ऊस मागे पडतो आणि डोंगराचा मोकळा वारा लागतो. आक्का खिडकीशी बसली होती. स्वच्छ पातळ, हातात कापडी पिशवी. पूर्ण रस्ताभर ती शुक्रवारबद्दल एक शब्द बोलली नाही. वाटेतली गावं दाखवत होती. कुणाचं गुऱ्हाळ, कुणाची विहीर, कुठल्या वळणावर कुणाची जीप उलटली. तिच्या तोंडून ऐकताना सगळं नेहमीसारखं वाटत होतं, आणि मला तेच फार जड जात होतं.

जोतिबाला सगळं गुलाबी आहे. पायऱ्या, भिंती, कुत्री, पुजाऱ्यांची धोतरं, दुकानदारांच्या भुवया. आमच्याकडे गुलाल निवडणुकीला नाहीतर लग्नाला. इथे देवाला गुलाल आणि खोबरं उधळतात, आणि "चांगभलं!" असं कुणी ओरडलं की अनोळखी माणसंही ओरडतात. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या कपाळावर येऊन आपटला. "परसाद मिळाला," आक्का म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो.

दर्शनाआधी ती पायऱ्यांवरच्या एका दुकानाशी थांबली. आधीच्या चार दुकानदारांनी हाका मारल्या होत्या, तिकडे तिनं पाहिलंही नव्हतं. या दुकानात साठी ओलांडलेला एक माणूस खोबऱ्याच्या वाट्या रचत होता. केस पांढरे, पण गुलालानं गुलाबी झालेले.

"काय देऊ, बाई?"

"खोबरं द्या, पावणं. आन गुलाल."

त्यानं पुडी बांधली. एक वाटी वर जास्तीची ठेवली.

"गुडघं कसं हाईत?"

"चढाय लागतंय कसंतरी."

"काठी घ्या की."

"बगू. फुडल्या ऐतवारी."

माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "पावण्या लांबनं आलेल्या दिसत्यात." आक्का म्हणाली, "व्हय, लई लांबनं." एवढंच. आम्ही पुढे गेलो. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचं असंच बोलणं होतं, मी विसरूनही गेले असते.

दर्शन झाल्यावर आम्ही तटाच्या कडेला बसलो. समोर पन्हाळ्याचा डोंगर, खाली शेतांचे तुकडे. आक्कानं पुडीतलं खोबरं फोडलं, अर्धं मला दिलं.

"त्ये आमचं मालक," ती म्हणाली.

मी वळून बघायला लागले तर तिनं माझा गुडघा दाबला. "बगू नका. लोक बगत्यात."

मग तिनं सांगितलं. तिनं सांगितलं त्यात मी नावं बदलली आहेत, खातं सांगत नाही, घराच्या खुणाही थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. बाकी जसं ऐकलं तसं.

मालक एका सरकारी खात्यात शिपाई होते. मुलाशी, त्या बाळ्याशी, कडाक्याचं भांडण झालं आणि ते रागानं घर सोडून गेले. आठवड्याच्या आत पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर खालच्या अंगाला एक प्रेत सापडलं. "तोंड वळखाय येत न्हवतं. सदरा बगून दीर म्हणाला, दादाच हाय. मी तरी काय बगणार? रडून डोळं सुजल्यालं." अंत्यविधी झाला, तेरावं झालं. आक्कानं कुंकू पुसलं. यथावकाश वडिलांच्या जागेवर बाळ्याला नोकरी लागली, लग्नही ठरलं.

"दुसऱ्या दिवाळीला मी जेवाय बसलेलो. दारात हे. हुबळीच्या पल्याड कुठल्या ढाब्यावर भांडी घासत हुतं. लाजंनं फोन केला न्हाय म्हणालं."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वरडलो न्हाय. इचारलो, पाणी देऊ काय."

बाळ्या घरातच होता. तो पायावर पडला नाही की अंगावर धावून गेला नाही. खाली बसला आणि हिशेब सांगावा तसं सांगत गेला: तुम्ही आलात तर माझी नोकरी जाईल, लग्न मोडेल, आम्ही सरकारला फसवलं म्हणतील. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी प्यायले. "बरं," म्हणाले, "मी आलोच न्हवतो समजा." आणि मागच्या दारानं निघून गेले.

"तवापासनं हितं. हितं येणाराजाणाराच निम्मा गुलालानं रंगल्याला. कोण कुणाला वळखतंय? मी ऐतवारी येतो, खोबरं घेतो."

"आणि बाळ्या?"

"पुण्याला बदली करून घेतली. बायकोला म्हाईत न्हाय. मी गेलो तर तोंडातनं निघून जाईल म्हणून मला बोलवत न्हाय." तिनं खोबऱ्याचा आणखी एक तुकडा काढला. "तुमचा नंबर हाय न्हवं, वैनी, तो मी चुकवला न्हवता. माझ्या फोनात त्यानंच भरून दिलेला. मागनं म्हणाला, एक आकडा हिकडचा तिकडं झाला आसंल. झाला आसंल की."

वारा होता. खाली कुणीतरी "चांगभलं" ओरडलं. आमच्या वाचनालयात असं कथानक असलेली कादंबरी असती तर मी ती दोन प्रकरणांत मिटून ठेवली असती, असं कुठं असतं का म्हणून. आणि इथे ती बाई शेजारी बसून दाढेखाली खोबरं चावत होती.

"मग मला हे का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?"

"ह्ये सांगून रोज काय बोलायचं? तुमी जेवलासा काय इचारलं, तुमी हसला. मला वाटलं, आपण बी एक घर सांगावं. मोठं खोटं मला जमत न्हाय. सून, म्हस, ताक, एवढंच घेतलो शेजारचं."

मी तिची माफी मागितली. सुनीताच्या बाबतीतही. ती म्हणाली, "तुमची काय चूक? तुमी आपल्या घरी आलासा असंच समजून आलासा." हे समजूत काढण्यासाठी नव्हतं, ती तसं मानतच होती, त्यामुळे मला हलकं वाटायच्या ऐवजी उलटंच झालं.

"हे मी लिहिलं तर चालेल?"

"लिवा की," ती म्हणाली. "कोण इस्वास ठेवतंय?"

उतरताना ती त्या दुकानासमोरून गेली. या वेळी थांबली नाही. मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांनी फक्त मान जराशी खाली केली.

बावड्यात परतलो तेव्हा तिच्या घराच्या मागे ठोकण्याचा आवाज येत होता. प्रकाश, सुनीताचा नवरा, दोन घरांमधल्या त्या बुटक्या भिंतीवर पत्रे लावत होता, माणसाच्या उंचीपेक्षा वर. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. आक्का पडवीत उभी राहून शेवटचा खिळा ठोकून होईपर्यंत बघत राहिली, मग आत जाऊन चहा ठेवला. पडवीत एकदम अंधारून आलं होतं.

अकोला

परत आल्यावर सभासदांनी विचारलं, कोल्हापूर कसं आहे? मी म्हटलं, मिसळ तिखट आहे, माणसं मोठ्यानं बोलतात आणि मनानं चांगली आहेत. हे सगळं खरं आहे.

आक्काचे फोन आले, नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात रोज आले. "आज काय केलंत?" मी विचारायची. "काय न्हाय. भाकरी केलो." "आणि?" "आणि काय न्हाय." पूर्वी याच बाईनं मला एका ताकावर अर्धा तास हसवलं होतं. आता आम्हा दोघींनाही फोन ठेवायची घाई व्हायची. मालक कसे आहेत, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "वैनी, ती गोष्ट एकदाच सांगायची असती. रोज सांगायला खोटंच लागतंय." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी केला तर ती उचलते, "बरं हाय," म्हणते, मी जेवले का विचारते, आणि ठेवून देते.

मागच्या महिन्यात एक अनोळखी नंबर आला. सुनीता होती. आक्काकडून नंबर मागायची सोय नव्हती; त्या दिवशी मी गडबडीत त्यांच्या घरी सांगितला होता, तो तिनं लक्षात ठेवला होता. हळू आवाजात बोलत होती.

"मावशी, एक इचारू? त्या माझ्याबद्दल काय सांगत हुत्या तुमास्नी?"

मी आठवेल तेवढं सांगितलं. ताकाचं, मिठाचं. सुनीतासारखी सून नाही म्हणायच्या. दुसऱ्या वेळी रात्रभर तुझ्या उशाशी बसून होत्या म्हणे, ते मात्र मी थोडं अडखळत सांगितलं. तेही त्यांनी रचलेलंच असणार, असं मला वाटत होतं.

"त्ये खरं हाय," सुनीता म्हणाली. "आत्या, म्हंजी आमच्या सासूबाई, लेकीकडं गेलत्या. ह्यांची रातची दुधाची गाडी. भिंतीवरनं चढून आल्या हुत्या त्या. ह्या वयात."

मी विचारलं, घरी आता कसं आहे. सासू बोलते, पण कामापुरतं, असं ती म्हणाली. पत्रा काढायचं तिच्या हातात नाही.

"दुपारी आत्या झोपल्या की मी पत्र्यावर दोनदा वाजवतो, मावशी. पल्याड त्या आस्त्यात, भांडी घासायचा आवाज येतोय. मी वाजवलं की आवाज थांबतो."

"मग?"

"मग काय न्हाय. मी हात काढून घेतला की परत घासाय लागत्यात."